बिजागरीवरून काढलेलं दार

"राउंड द हाउस, अँड माइंड द ड्रेसर!" शेजारचे आजोबा ओरडले आणि मला काही समजायच्या आत त्यांनी मला धरून हॉलभर एक पूर्ण चक्कर मारून आणली.

हॉलमध्ये ड्रेसर नव्हताच. चर्चच्या मागचा साधा हॉल, कडेला एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा बंब आणि बिस्किटांची ताटली. पण आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीत, 'सेट' हा चार जोड्यांचा नाच नाचताना आरोळी हीच द्यायची: घरभर फिर, आणि ड्रेसर सांभाळ. ड्रेसर म्हणजे स्वयंपाकघरातली कपबशांची उभी मांडणी. पूर्वी नाच व्हायचा तो स्वयंपाकघरात. टेबल अंगणात काढून मोकळ्या केलेल्या जागेत चार जोड्या गोल फिरायच्या आणि घरच्या बाईचा जीव त्या मांडणीवरच्या ताटल्यांत अडकलेला असायचा. नाच हॉलमध्ये आला, मांडणी मागे राहिली, आरोळी तेवढी बरोबर आली.

मी तिथे हौसेनं गेले नव्हते. सेटला आठ माणसं लागतात आणि त्या मंगळवारी सातच होती. आजोबांची बायको, म्हणजे त्यांची पन्नास वर्षांची नाचातली जोडीदारीण, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून ते खुर्चीवर बसून नुसता ठेका धरायचे. त्या दिवशी फाटकाशी येऊन मला म्हणाले, "तुला चालता येतं ना? मग नाचताही येईल." (आजोबा हे माझ्या मनातलं. तोंडावर इथल्या रीतीनं त्यांना नुसत्या नावानं हाक मारावी लागते आणि अकरा वर्षं झाली तरी एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला तशी हाक मारताना माझी जीभ अडखळते.)

सांगलीत लहानपणी मी सात वर्षं कथक शिकले. पुढे दहावी आली, मग फार्मसी, मग नोकरी, आणि घुंगरू आईच्या ट्रंकेत गेले. तरी शिकलेलं अंगात कुठेतरी असतंच. त्यामुळे हॉलच्या मधोमध उभी राहिल्यावर मला पहिली अडचण पडली ती हातांची. "हात कुठे ठेवू?" मी विचारलं.

आजोबांना प्रश्नच कळला नाही. "असतील तिथे असू देत की."

मला हे पटेना. आयरिश नाच म्हटलं की हात अंगाला शिवल्यासारखे, एवढंच तर मला ठाऊक होतं. आमच्या गल्लीत कुणीतरी मुंबईहून 'रिव्हरडान्स'ची व्हीसीडी आणली होती. ताईंनी, म्हणजे आमच्या कथकच्या बाईंनी, ती सगळ्या वर्गाला दाखवली आणि मधेच थांबवून विचारलं, "पाय बघताय ना? आता कमरेच्या वर बघा. पाण्यानं भरलेली घागर ठेवली तरी सांडणार नाही."

त्या व्हीसीडीची कूळकथा मला फार नंतर कळली. ३० एप्रिल १९९४ला डब्लिनच्या पॉइंट थिएटरमध्ये युरोव्हिजन ही गाण्याची स्पर्धा होती. मतमोजणी होईपर्यंत प्रेक्षकांचं मन रमवायला सातेक मिनिटांचा एक तुकडा बसवला होता. संगीत बिल व्हेलनचं, पुढे नाचणारे मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर. शेवटी रांगेत उभे राहून सगळे एकदम पाय वाजवू लागले आणि थिएटर उठून उभं राहिलं. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा पूर्ण कार्यक्रम झाला आणि तो जगभर फिरला. गंमत अशी की आयर्लंडची ओळख झालेल्या त्या तुकड्यातले हे दोन्ही नर्तक अमेरिकेत जन्मलेले, फ्लॅटली शिकागोचा आणि बटलर न्यूयॉर्कची. आणि फ्लॅटलीनं हात सोडले होते. स्पर्धेत वाढलेला, १९७५ साली जागतिक विजेता ठरलेला माणूस, आणि छाती काढून हात पसरतो! ताईंच्या घागरीचा सिद्धान्त त्यानंच मोडला होता. आम्ही मुली पायच बघत बसलो, त्यामुळे आमच्या ते लक्षातही आलं नाही.

हात खाली का, हा प्रश्न इथे कुणालाही विचारा, उत्तर मिळतंच. मी पाच-सहा जणांना विचारलं आणि चार वेगवेगळ्या गोष्टी गोळा केल्या. सगळ्यात लाडकी गोष्ट अर्ध्या दाराची. जुन्या आयरिश घराचं दार आडवं दुभंगलेलं असे. कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून खालचा भाग बंद ठेवायचा, उजेडासाठी वरचा उघडा. इंग्रज शिपाई रस्त्यानं गेला तर त्याला कमरेपर्यंतची स्तब्ध माणसं दिसावीत, खाली पाय काय करताहेत ते दिसू नये, म्हणून हात हलवायचे नाहीत. ऐकायला फार छान. पण मी फार्मसीत नोकरी करणारी बाई, शंका काढणं हा माझा धंदा. आत फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजतंय, आठ जण फरशी हादरवताहेत, आणि तो शिपाई काय बहिरा होता? दुसऱ्या गोष्टीत राणी एलिझाबेथपुढे नाचायला नेलेल्या मुलींनी तिला मान द्यायचा नाही म्हणून हात उचललेच नाहीत. तिसरीत पाद्रीबुवांना हातांचे हावभाव अश्लील वाटले. चौथी एका आजींनी सांगितली आणि तीच मला बरी वाटली: "अगं, एवढ्याशा खोलीत हात पसरलेस तर शेजारणीचा डोळा जाईल."

माझा स्वतःचा संशय नाचमास्तरांवर आहे.

अठराव्या शतकात आयर्लंडभर फिरते नाचमास्तर होते. आर्थर यंग नावाच्या इंग्रज शेतीतज्ज्ञानं १७७६ ते १७७९ या काळात हा देश पालथा घातला. पिकं, खतं, खंड यांच्या नोंदींमध्येच त्यानं लिहून ठेवलंय की इथे गरिबातल्या गरिबाच्या झोपडीतही नाच आहे, त्यांच्याच थरातले मास्तर पायपर (बॅगपाइप वाजवणारा) किंवा आंधळा फिडलवाला बरोबर घेऊन झोपडी-झोपडी फिरतात आणि फी आहे तिमाहीला सहा पेन्स. मास्तर एखाद्या शेतकऱ्याच्या घरी उतरायचा, आसपासची पोरं तिथे जमायची. तो नुसती पावलं शिकवत नसे. आत येताना वाकावं कसं, बाईला नाचायला कसं विचारावं, मान कशी धरावी, हेही शिकवी. त्याच्या अंगावर लांब शेपटाचा कोट, गुडघ्यापर्यंतची तुमान, पांढरे मोजे. चिखलातल्या पोरांना सभ्य करायला निघालेला माणूस हातवारे कशाला शिकवेल? मोठ्या घरांतल्या दिवाणखान्यात ताठ कणा आणि शांत हात हेच खानदानी समजत, तेच त्यानं झोपडीत आणलं असणार. हा माझा तर्क. त्याला पुरावा म्हणून मी ताईंकडेच बोट दाखवीन. कथक यायच्या आधी त्यांनी आम्हाला तीन महिने नुसतं उभं राहायला शिकवलं होतं.

या मास्तरांची एक गोष्ट मात्र सगळेच सांगतात. पोरांना डावं-उजवं कळेना, म्हणून ते एका पायाला वाळलं गवत बांधायचे आणि दुसऱ्याला पेंढा. मग हुकूम द्यायचा: गवत उचला, पेंढा उचला. ज्याचा जन्म गोठ्यात गेला त्याला डावं कळत नसलं तरी गवत आणि पेंढ्यातला फरक झोपेतही कळतो. ही गोष्ट ऐकली आणि मला आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिचंही तेच, तत्कारात, म्हणजे कथकच्या पायांच्या ठेक्यात, हमखास पाय चुकायचा. ताईंनी एक दिवस तिच्या डाव्या पायातले घुंगरू सोडून ठेवले. "वाजतो तो उजवा," एवढंच म्हणाल्या. आठवड्यात मुलगी सुधारली. आयरिश स्टेप डान्समध्ये, म्हणजे पायांच्या कसबाच्या नाचात, तर या डाव्या-उजव्याला सुटकाच नाही. संगीताच्या आठ आवर्तनांचं एक पाऊल उजव्या पायानं केलं की तेच्या तेच डाव्यानं करून दाखवावं लागतं. पक्षपात चालत नाही.

घुंगरू काढून ठेवलेल्या त्या पायावरूनच माझ्या डोक्यात एक विचार घुसला आणि तो अजून गेलेला नाही. प्रत्येक नाचात आवाज कुठेतरी बांधावा लागतो. आमच्या आजोळी अंगण शेणानं सारवलेलं. त्यावर अनवाणी पाय कितीही आपटा, धप् याच्यापलीकडे काही येणार नाही. म्हणून आपल्याकडे आवाज घोट्याला बांधला. लावणीतली चाळ, वाघ्या-मुरळीच्या मुरळीच्या हातातली घंटी, लेझमीच्या चकत्या, सगळीकडे आवाज माणूस आपल्या अंगावर वागवतो. जमिनीकडून अपेक्षा नाही. आयरिश माणसानं मात्र जमिनीकडून अपेक्षा ठेवली. पायात जाड तळव्याचे बूट होते, हवा ओली, अनवाणी कोण नाचणार. तेव्हा वाजवायची ती जमीनच.

पण ती तरी कुठे वाजायची? गरिबाच्या घरात तुडवून घट्ट केलेली माती. म्हणून बिजागरीवरून दार काढायचं, जमिनीवर आडवं टाकायचं आणि त्यावर नाचायचं. ज्या अर्ध्या दारानं शिपायापासून नाच लपवल्याची गोष्ट सांगतात, तेच दार काढून त्याचा ढोल करायचे म्हणा ना. कुणी टेबलावर नाचे, कुणी पिंपाच्या झाकणावर. जितकी जागा लहान तितकी पावलांत सफाई जास्त, कारण फळीबाहेर पाय पडला की आवाज गेला. स्टेप डान्स असा एका जागी, सरळ रेषेत, उंच का वाढला याचं उत्तर मला त्या फळीच्या मापात दिसतं.

ज्यांच्या चुलीपुढे दगडी फरशी होती त्यांची युक्ती आणखी अजब. आयर्लंडमध्ये जुनी घरं उकरताना फरशीखाली घोड्याच्या कवट्या सापडल्या आहेत. गावकऱ्यांना विचारलं तर सांगत, नाच चांगला वाजावा म्हणून पुरल्यात, पोकळ कवटीनं फरशी घुमते. अभ्यासकांचं म्हणणं वेगळं, की हा वास्तूच्या पायात बळी देण्याच्या जुन्या चालीचा अवशेष असावा आणि नाचाचं कारण मागाहून चिकटलेलं. मला दोन्ही एकदम खरं वाटायला हरकत दिसत नाही. आपल्याकडे वास्तुशांतीला जे पुरतात त्याचं कारण चार घरी विचारा, चार उत्तरं येतील. पण ज्या चुलीपुढे आपण नाचतो तिच्याखाली एक घोडा कान लावून आहे, ही कल्पना मला काही दिवस झोपू देईना.

हा आवाजाचा माग समुद्रापलीकडेही जातो. इंग्लंडमध्ये लॅंकेशरच्या कापडगिरण्यांत कामगारांच्या पायात लाकडी तळव्याचे क्लॉग असत. फरशी ओली, पाय गार पडायला नकोत म्हणून. जेवणाच्या सुट्टीत त्याच क्लॉगनी पोरं ठेका धरू लागली आणि त्याचा वेगळा नाच झाला. त्याच्या स्पर्धांत परीक्षक रंगमंचाच्या खाली जाऊन बसत. नर्तक दिसायलाच नको, नुसता ऐकायचा! चार्ली चॅप्लिन पोरवयात अशाच एका क्लॉग नाचणाऱ्या मुलांच्या मेळ्यातून रंगमंचावर आला.

आणि अमेरिका. तिथली गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी उठाव केला. उठाव करणारे ढोल वाजवत निघाले होते. १७४०च्या कायद्यानं तिथल्या गुलामांना ढोल आणि शिंगं बाळगायला बंदी झाली. ढोल गेला तर ठेका मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांत आणि पायांत आला. त्याला 'जूबा' म्हणत. पुढे शंभर वर्षांनी न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या वस्तीत, जिथे आयरिश स्थलांतरित आणि स्वतंत्र झालेले काळे लोक एकाच गल्लीबोळात दाटीनं राहत, तिथे ही पावलं आणि आयरिश जिग हा जलद नाच समोरासमोर आले. चार्ल्स डिकन्स १८४२मध्ये तिथल्या एका तळघरात गेला होता आणि तिथे नाचणाऱ्या एका काळ्या तरुणाच्या पायांनी थक्क झाला. तो विल्यम हेन्री लेन होता असं मानतात. लोक त्याला मास्टर जूबा म्हणत. पुढे त्याची आणि जॉन डायमंड या गोऱ्या नर्तकाची पैज लावून चढाओढ होई. टॅप डान्स म्हणून आज जे आपण ओळखतो ते असल्या खोल्यांतून निघालं. त्याचं गोत्र शोधायला बसलं तर आयरिश जिग, लॅंकेशरचा क्लॉग आणि आफ्रिकेतून आलेले ठेके असे तीन मूळपुरुष निघतात आणि तिघांच्याही वाट्याला उपास आणि मार आलेला आहे. वाटणी मात्र सारखी झाली नाही. डायमंडला जे दरवाजे उघडे होते त्यातले किती तरी जूबाला बंद होते, आणि टॅपचं श्रेय देताना त्याचं नाव विसरणं पुढे शंभर वर्षं चाललं.

मात्र इथे मी स्वतःलाच आवरते. पाय आपटला की सगळे भाऊबंद, असं म्हणायचा मोह फार होतो. स्पेनचा फ्लेमेंको आणि कथक बहिणी आहेत असं दर लग्नात कुणीतरी काका सांगतात. फ्लेमेंको नाचणाऱ्या रोमा (जिप्सी) लोकांचे पूर्वज उत्तर भारतातून गेले हे खरं, पण हजार वर्षांचा प्रवास करून तत्कार जसाच्या तसा स्पेनला पोचला असं कुणी सिद्ध केलेलं नाही. कथक आणि आयरिश स्टेप डान्स यांचं तर काहीच नातं नाही. सांगायचंच तर ओळख आहे, आणि तीही अलीकडची. पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ हे दोघं २००५च्या सुमाराला एकत्र नाचायला लागले तेव्हा एक अनवाणी घुंगरांत आणि दुसरा बुटांत होता आणि संभाषण पूर्ण होत होतं. नातं नसताना जमलं याचंच मला जास्त अप्रूप.

ओळख पटते ती मोजण्यात. जिगच्या सहा मात्रा, तीन-तीन, माझ्या कानाला सरळ दादरा. रील चार-चारचा, केहरव्यासारखा धावता. स्लिप जिग नऊचा, तीन तीन तीन, आणि तिथे मी हमखास सांडते. नऊचे ताल आपल्याकडे नाहीत असं नाही, माझ्या पायांत नाहीत. वाद्य नसलं की इथली माणसं 'लिल्टिंग' करतात, तोंडानंच डिडल्-डी-आयडल् अशी अर्थहीन अक्षरं म्हणत चाल धरायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आजोबांना ता थेई थेई तत् म्हणून दाखवलं. त्यांनी मान एका बाजूला कलती करून ऐकलं आणि म्हणाले, "गाणं कुठल्या जातीचं आहे, जिग की रील?"

आता जातीचा विषय निघालाच आहे तर शुद्धतेचंही सांगून टाकते, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चिडवणारा आणि हसवणारा भाग तोच आहे.

१८९३मध्ये डब्लिनला गेलिक लीग स्थापन झाली. इंग्रजी राज्यात आयरिश भाषा मरायला टेकली होती, ती वाचवायची हा हेतू. भाषेबरोबर नाचही आला. लीगच्या लंडन शाखेनं ३० ऑक्टोबर १८९७ला ब्लूम्सबरी हॉलमध्ये पहिली 'केली' भरवली. मूळ शब्दाचा अर्थ संध्याकाळी शेजाऱ्याकडे बसायला जाणं, एवढाच. तर आयरिश म्हणून आज जी नाचाची संध्याकाळ जगभर साजरी होते तिचा जन्म लंडनचा. त्या पहिल्या केलीत आयरिश चालींवर क्वाड्रिल आणि वॉल्ट्झ हे युरोपातले नाचही नाचले गेले. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत लीगमध्ये वाद पेटला, खरं आयरिश काय? सेट बाद झाले. का, तर ते फ्रेंच क्वाड्रिलवरून आलेले, नेपोलियनच्या लढायांनंतर इकडे पसरलेले. म्हणजे परकीय.

वंशावळ खरी होती. सेट फ्रेंच घराण्यातलेच. पण तोवर क्लेअर आणि केरी या काउंट्यांच्या स्वयंपाकघरांत दोन-तीन पिढ्या त्यावर घाम गाळून झाल्या होत्या, मास्तरांनी त्यात स्थानिक पावलं घातली होती, आणि तिथल्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर हाच माझा नाच म्हणून सांगितलं असतं. आणि ठेवलं काय? रील, जो अठराव्या शतकात स्कॉटलंडहून आला. हॉर्नपाइप, जो इंग्लंडचा. पोल्का बोहेमियातून निघून केरीत अशी रुजली की तिथल्या सेटमध्ये तीच वाजते. नाचाला आयरिश भाषेत 'रिंका' आणि 'दाउसा' असे दोन शब्द आहेत, आणि हे दोन्हीही बाहेरून घेतलेले, असं जाणकार सांगतात.

आपण हसायला नको. आपल्याकडेही देवदासींच्या सदिर नाचाचं भरतनाट्यम् होताना काय काय धुऊन काढलं ते आठवावं, आणि तमाशा 'सुधारायला' कोण कोण समित्या करून बसले होते तेही. राष्ट्र उभं करायची घाई झाली की पहिली साफसफाई नाचणाऱ्यांची होते.

पुढे १९३०च्या सुमाराला आयरिश नाचाचं एक कमिशन झालं. शिक्षकांच्या परीक्षा, परीक्षकांच्या परीक्षा, पोशाखाचे नियम. हात कायमचे खाली गेले ते बहुधा इथेच. १९७०पासून डब्लिनमध्ये जागतिक स्पर्धा सुरू झाल्या. नाचाच्या गावोगावच्या स्पर्धांना 'फेश' म्हणतात आणि गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या मुलीसाठी मी एका फेशला गेले होते. पहाटे पाचला आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप चढवायचा, मोजे घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना गोंद लावायचा (मोज्यांचा खास गोंद मिळतो, मी तो हातात धरून पाहिला), तिच्या वजनाच्या निम्मा भरेल असा भरजरी झगा. मग ती पोर दोन मिनिटं अशी काही नाचली की माझे डोळे भरून आले. बुटांच्या टाचा हवेत एकमेकींवर आपटतात तो 'क्लिक' बंदुकीच्या चापासारखा. फायबरग्लासचे तळवे आहेत आता. दाराची फळी बुटालाच येऊन चिकटली म्हणायची. मी टीका करायची तयारी करून गेले होते आणि टाळ्या वाजवून हात दुखवून घेऊन आले.

गावातल्या नाचावर मात्र दुसऱ्याच बाजूनं संकट आलं. स्वतंत्र आयर्लंडच्या पाद्र्यांना आणि सरकारला तरुण मुलामुलींचं रात्री नाचणं बघवेना. १९३५चा पब्लिक डान्स हॉल्स ॲक्ट आला: सार्वजनिक नाचाला कोर्टाचा परवाना. या कायद्याच्या धाकानं घरगुती नाचही दबले. त्याच्या दोन वर्षं आधीची लीट्रिम काउंटीतली गोष्ट तर विश्वास बसू नये अशी. जिमी ग्राल्टन नावाच्या माणसानं आपल्या गावी एक हॉल बांधला होता. तिथे वर्ग चालत, सभा होत, नाच होई. त्याचे डावे विचार आणि जमिनीच्या भांडणात कुळांची बाजू घेणं हेच खरं दुखणं होतं, पण चर्चमधून बोंब झाली ती नाचाचीही. हॉलवर गोळ्या झाडल्या, मग तो जाळला, आणि १९३३मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेल्या या माणसाला आयर्लंडमधूनच हद्दपार करून अमेरिकेला पाठवलं. तो परत आला नाही. २०१६मध्ये राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांनी तिथे स्मारकाचं अनावरण केलं तेव्हा हॉलची जागा तेवढी होती.

कॉनेमाऱ्यात, गॉलवेच्या पश्चिमेला, कमिशनचा हात कधी नीट पोचला नाही. तिथे 'शॅन-नोस', म्हणजे जुन्या पद्धतीचा नाच टिकला. पाय जमिनीला धरून, गुडघे सैल, आणि हात? असतील तिथे. कुणी एक हात खांद्याइतका उचलतो, कुणी दोन्ही लोंबते ठेवतो. आजोबांच्या पहिल्या उत्तराचा उलगडा मला तिथे झाला. आणि बाद झालेले ते फ्रेंच सेट १९८०च्या दशकात परत आले. पायपवादक विली क्लॅन्सी वारल्यावर १९७३पासून त्याच्या गावी, मिलटाउन मॅलबेला, दर जुलैत भरणाऱ्या संगीतशाळेत आज जगभरातून माणसं सेट शिकायला येतात. मंगळवारच्या आमच्या वर्गातल्या एक बाई दर वर्षी आठवडाभराची रजा टाकून जातात आणि परत आल्या की आठवडाभर लंगडतात.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. तिला वर्गाला नेलं. ती भिंतीशी खुर्चीवर पदर सावरून बसली, चहा निवत ठेवला, आणि सगळ्यांचे पाय निरखत राहिली. एका सेटमध्ये 'बिग ख्रिसमस' नावाची फेरी येते. आठही जण एकमेकांच्या पाठीमागून हात गुंफतात आणि उजवा पाय मध्ये रोवून अशी गिरकी घेतात की हलक्या बाईचे पाय जमिनीवरून सुटतात. माझे सुटले. खाली आले तर आई उभी होती.

"फुगडीच आहे की," ती म्हणाली. "फक्त हात चुकीचे धरलेत."

आणि मग त्र्याहत्तर वर्षांच्या माझ्या आईनं एकोणऐंशी वर्षांच्या आजोबांना हात तिढा करून कसे धरायचे, टाचा जुळवून मागे कसं रेलायचं ते दाखवलं. भाषेची अडचण आली नाही. हातांवर चापट मारून शिकवत होती. दोनच गिरक्या झाल्या. नंतर दोघंही खुर्च्यांवर बसून धापा टाकत हसत होते आणि मी ब्लडप्रेशरच्या गोळ्या कुणी कुणी घेतल्यात याची चौकशी करत होते. मंगळागौरीचं कुणाला सांगायला मी गेले नाही. फुगडीचा आणि क्लेअरचा संबंध नाही हे मला माहीत आहे. आईला तसं म्हटलं तर ती म्हणाली, "संबंध कशाला लागतो?"

आई गेल्यावर पंधरा दिवसांनी आजोबांनी मला गोठ्यामागच्या शेडमध्ये बोलावलं. ट्रॅक्टरच्या मागे, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली, एक दार होतं. खालचं अर्धं. त्यांच्या आजीच्या घरचं, घर पाडलं तेव्हा ठेवून दिलेलं. रंग कधीच उडालेला, एका बाजूला बिजागऱ्यांच्या खाचा. दोघांनी मिळून ते ओढत मोकळ्या सिमेंटवर आणलं आणि आडवं टाकलं. मधला भाग कडांपेक्षा खोल गेला होता, वाटीसारखा. कोंबड्यांनी झिजवला का पायांनी, मी विचारलं नाही. "उभी राहा," ते म्हणाले. मी वर्गातले जाड तळव्याचे काळे बूट घालूनच आले होते. ते काढावेसे वाटले आणि मी काढले. मोजेही.

आजोबांनी पिंपावर बसून चाल धरली, डिडल्-डी-आयडल्, सहा मात्रांची. मी अनवाणी पायांनी तत्कार टाकला. लाकूड आधी नुसतंच कुरकुरलं, मग बोललं, पण बारीक, धप् आणि ठक् याच्या मधलं काहीतरी. त्यांनी चाल थांबवली.

"बूट घाल. ऐकू येत नाही."

मी बूट घातले.

"आता कर. आणि ट्रॅक्टर सांभाळ."